सत्ताविसावा कागद

॥ श्री ॥

चिंचवड,
रविवार, ता. ११ मार्च १९५६

प्रिय इंदू,

सप्रेम नमस्कार. इकडील सर्व क्षेम. सर्व म्हणजे मी, सासूबाई आणि परसातली शेळी. तिघींत शेळीची तब्येत सगळ्यांत उत्तम.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. मालोजी पोस्टमनने ते शाळेच्या दारातूनच पुकारलं, “बाई, मुंबैचं हाय, आन जाड हाय!” त्यामुळे मी पाकीट हातात घेण्याआधीच निम्म्या गावाला बातमी कळली. माझ्या वर्गात सहावी-सातवीच्या मुली एकत्र बसतात, त्या सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी पाकीट टेबलाच्या खणात टाकलं आणि त्रैराशिक पुढे चालू केलं. एका ठिकाणी गुणाकार चुकला. छबूने दाखवून दिला. मग घरी येऊन तीन वेळा पत्र वाचलं.

आमच्या शाळेचे गुण पाहून तुमचे प्राध्यापकसाहेब खुर्चीतून उठले म्हणे. सव्वीस मुली आणि सगळ्यांना वीसपैकी वीस! चाळीस शाळांत गणिताची एवढी गोडी कुठेच सापडली नाही, म्हणून ती लावणाऱ्या बाईंना दोन वर्षांसाठी तुमच्या मुंबईच्या संशोधन केंद्रात मदतनीस म्हणून बोलवायचं ठरलं. दोन मेला रुजू व्हायचं. तू तुझ्या खोलीत दुसरी खाटसुद्धा टाकलीस. इंदे, तुझी घाई काही गेली नाही. ट्रेनिंग कॉलेजात भूमितीच्या पेपरला घाईघाईने माझ्या वहीत डोकवायचीस आणि मी कोपर हळूच बाजूला घ्यायचे, आठवतं?

राग मानू नकोस, पण गोडी मोजायचं तुमचं हे शास्त्र मला पहिल्यापासून गुऱ्हाळातलं वाटतं. वीस वाक्यं वाचून दाखवायची, मुलींनी प्रत्येकापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं, आणि बेरीज केली की कुणाच्या पोटात शिकायची किती आस आहे ते समजलं! मी माझं एक गावठी माप ठेवलं आहे. घंटा झाली की मुली पाटीवर ओला हात फिरवतात आणि पाटी हवेत हलवत, वाळवत पळतात. त्या वेळी कुणाची पाटी पुसायची राहते एवढंच मी बघते आणि वहीत टिपून ठेवते. बहुतेक दिवशी एकच नाव असतं.

ते नाव छबूचं. सोपाना शेतकऱ्याची पोर, सातवीत आहे. जानेवारीत मी वर्गाला हौदाचं उदाहरण घातलं होतं. एका नळाने हौद सहा तासांत भरतो, दुसऱ्याने चार तासांत, आणि तळाची तोटी भरलेला हौद बारा तासांत रिकामा करते. तिन्ही एकदम सोडले तर किती वेळात भरेल? छबू उभी राहिली. “बाई, हौद भरायचा हाय तर तोटी उघडी ठिवली कुनी? त्याला आदी बोलवा.” मी तिला खाली बसवलं. घंटा झाली तशी ती पाटी ताटासारखी आडवी धरून घरी निघाली, आकडे पुसले जाऊ नयेत म्हणून. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी मला दारातच गाठून म्हणाली, “बारा घागरींचा हौद धरला, बाई. पयला नळ तासाला दोन घागरी वततो, दुसरा तीन, आन तोटीतनं एक जाती. ऱ्हायल्या चार. तीन तासांत भरला.” तिला अपूर्णांकांची बेरीज मी अजून धड शिकवलेली नाही, इंदू.

पण तिचं नाव तुमच्या यादीत नाही, तेव्हा असो.

तू विचारलंस की पटावर सत्तावीस मुली आणि कागद सव्वीस कसे. छबू त्या दिवशी गैरहजर होती. सोबतच्या यादीत मी तसं लिहिलं आहे.

दर शाळेमागे एका मुलीला पुण्याच्या वसतिगृहात मॅट्रिकपर्यंत जागा, हे फार चांगलं केलंत. सव्वीस जणींचे गुण सारखे म्हणून तुम्ही चिठ्ठ्या टाकल्यात आणि रुक्मिणीची निघाली. ती आमच्या पंचांची, भिमाजींची मुलगी. मी उद्या त्यांना सांगेन. नावांची यादी ३१ तारखेला बंद होते ना? आणि एखादीला जमलं नाही तर त्याच शाळेतली दुसरी घेता येते का? उगाच विचारते.

सासूबाईंचं विचारलंस. पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. आता उपाय नाही, उजेड-अंधार तेवढा कळतो. तुला ठाऊकच आहे, हे गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. सासूबाईंनी मला कोपऱ्यात बसवलं नाही. माझी ट्रंक स्वतः भरून मला ट्रेनिंगला धाडलं. गावाने नावं ठेवली तर म्हणाल्या, “अंबूबाईची सून हाय, अंबूबाई बगंल.” आता त्यांना कोण बघणार हा प्रश्न आहे. त्या मात्र रोज म्हणतात, “तू जा. माजं म्या बगते.” डोळे नसलेलं माणूस हे वाक्य कसं म्हणतं ते तू ऐकायला हवंस.

मी येणार. येणारच. तेरा वर्षं त्याच फळ्यासमोर उभी आहे. त्या फळ्याला कुठे भेग आहे हे मला डोळे मिटून सांगता येतं. फक्त खाटेवर गादी एवढ्यात घालू नकोस.

तुझी,
कुसुम


चिंचवड,
रविवार, ता. १८ मार्च १९५६

प्रिय इंदू,

आज नमस्कार-चमत्कार राहू देत. माझं मागचं पत्र फाडून टाक असं लिहिणार होते. नको, ठेव. दोन्ही शेजारी ठेवून वाच.

छबू गैरहजर नव्हती. पहिल्या बाकावर, माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

आता सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मी पुन्हा शेळीच्या तब्येतीवर जाईन.

तुमचे कागद जानेवारीत आले. आदल्या दिवशी मी मुलींना समजावलं, “उद्या वीस वाक्यं वाचेन. मनात असेल तेच लिहायचं. कुणी रागावणार नाही. खोटं लिहिलंत तर मात्र माझ्याशी गाठ आहे.” असं मी म्हणाले, मी! शाळा सुटताना भिमाजी दारात उभे होते. त्यांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, “बाई, ह्यो कागुद कशापायी?” मी सांगितलं, मुलींना गणिताची आवड किती आहे ते बघायचंय. “ते बगून सरकार काय करनार?” मी पुन्हा सांगितलं. “न्हाई, पन काय करनार?” सकाळपासून मी पाच माणसांना हेच सांगत होते. माझं डोकं फिरलं आणि मी म्हणाले, “पिंपरीच्या कारखान्यात बाटल्या मोजायला नेणार आहेत, गणित आवडणाऱ्या पोरी!”

चेष्टा होती गं. पण या गावाच्या जमिनींच्या कडेने दोन वर्षांत कारखान्यांचं कुंपण आलं आहे. इथे कुठलाही कागद आला की माणसं एकच विचारतात, यानं जमीन जाणार का नोकरी येणार? मी त्यांना उत्तर देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या मुली तेल लावून, वेण्या घालून हजर. पहिलं वाक्य वाचलं, ‘गणित मला आवडते.’ टाक एकदम चालले. दुसरं, तिसरं, तसंच. घरून सांगून धाडलं होतं, समदं ‘हो’ लिव. मला तेव्हाच कळलं. कागद गोळा करून, बापांना बोलावून, महिन्याभराने पुन्हा घ्यायचे होते. तेवढं सोपं होतं.

मग सहावं वाक्य आलं, ‘गणिताच्या तासाला मला कंटाळा येतो.’ अशी उलटी चार वाक्यं तुम्ही मुद्दाम घातली आहेत, डोळे मिटून ‘हो’ लिहिणारा सापडावा म्हणून. मुली गोंधळल्या. टाक थांबले, तोंडं वर झाली. बाई काय करतात हे बघायला.

आणि मी मान हलवली. नाही, अशी. थोडीशीच. चारही वेळा.

तुझ्या साहेबांनी जी गोडी मोजली ती एवढी होती, माझ्या मानेएवढी. का केलं? तुमच्या परिपत्रकात खाली लिहिलं होतं, उत्तम शाळेच्या शिक्षिकेस केंद्रात नेमणूक. ती ओळ मला पाठ झाली होती. बाकी काही कारण नाही.

छबूची मान मात्र वर आली नाही. ती लिहीत राहिली. तिला वीसपैकी दोन गुण पडतात. ‘गणित मला आवडते’: नाही. ‘गणिताच्या तासाला मला आनंद होतो’: नाही. ‘उदाहरण सोडवताना मला राग येतो’: हो. गुण मिळाले ते फक्त दोन ठिकाणी. ‘उत्तर चुकले तर मी पुन्हा करून बघते’ याला हो, आणि ‘कठीण उदाहरण मी सोडून देते’ याला नाही. शेवटचं वाक्य आहे, ‘गणित नसते तर बरे झाले असते.’ तिने ‘हो’ लिहिलं आहे. आणि पुढे, जिथे काहीच लिहायचं नव्हतं तिथे, तिच्या अक्षरात तीन शब्द आहेत: ‘पन ते हाय.’

मी तो कागद वाचला आणि घाबरले. एकीने खरं लिहिलं की सव्वीस जणींचं खोटं उघडं पडतं. तुमचा माणूस विचारायला आला असता, ही एकटीच अशी का? म्हणून तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं आणि कागद ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली ठेवला. दोन महिने तो तिथेच होता.

आता या आठवड्याचं ऐक. सोमवारी मी भिमाजींकडे गेले. रुक्मिणीचं नाव निघालं म्हटल्यावर त्यांनी ओटीवर घोंगडी अंथरून मला बसवलं, गूळपाणी दिलं. “कवा जायाचं कामाला?” मी सांगितलं, कामाला नाही, पुण्याला वसतिगृहात, मॅट्रिकपर्यंत शिकायला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “आनि च्यार वर्सं गनित?” आतून रुक्मिणी रडायलाच लागली, “बाई, मला नगं, मला नगं.” भिमाजी उठून उभे राहिले. म्हणाले, “बाई, तुमी तर कारखाना म्हनला व्हता.” त्यांनी जागा नको असं लिहून दिलं, ते सोबत आहे.

चिठ्ठ्यांत सव्वीसच नावं होती हे एव्हाना गावभर झालं होतं. मंगळवारी छबू टेबलाशी आली. “बाई, माजा कागुद पोचला न्हाई का?” मी म्हटलं, “उशिरा गेला असेल.” ती म्हणाली, “का म्या खरं लिवलं म्हून? बा म्हनत व्हता समदं हो लिव. म्या म्हनलं, बाईंनी खरं लिवाया सांगितलंय.” आवाजात तक्रार नव्हती. तिला उदाहरण तपासून हवं होतं, नेमकं कुठे चुकलं ते. मी म्हणाले, “तुझं काही चुकलं नाही.” “मग?” मी तिला फडकं ओलं करून आणायला पाठवलं. गेल्यावर लक्षात आलं, फडकं ओलंच होतं.

परीक्षा झाली की तिला चाकणला मामाकडे धाडणार आहेत. मामाची कांद्याची वखार आहे आणि मामीला पाच पोरं. सोपाना मला म्हणाला, “पुन्याची जागा मिळाली असती तर धाडली असती, बाई. तिथं वाढती पोर शिकती म्हून बोट दावायला कुनी न्हाई. हितं ठिवून काय करू? सातवीच्या म्होरं पोरींची शाळाच न्हाई.” त्याचं काय चुकलं?

गुरुवारी मी व्याजाचं एक अवघड उदाहरण घातलं. घंटा झाली. मुलींनी पाट्यांवर हात फिरवले. मी सवयीने वही उघडली आणि पहिल्या बाकाकडे पाहिलं. छबूच्या पाटीवर निम्मं उदाहरण होतं. तिने थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, मग हात ओला केला आणि पाटी पुसली. स्वच्छ पुसली, कडासुद्धा. आणि इतर मुलींसारखी हवेत हलवत पळत गेली.

इंदू, मला राग आला तो आधी तिचाच आला. एवढं खोटं बोललेय मी, की पोरीने पाटी पुसली तर मला तिचाच राग यावा. मग मी वर्गात एकटीच बसून राहिले. वहीत त्या तारखेपुढे लिहायला नावच नव्हतं.

त्या दिवशी तशीच घरी आले, रोजच्यापेक्षा लवकर. परसात सासूबाईंचा आवाज ऐकू आला. हात पुढे करून त्या मागच्या दारातून आडाकडे चालल्या होत्या आणि मोजत होत्या, “सोळा, सतरा, अठरा…” विसाच्या पुढे त्यांना येत नाही. विसावर थांबल्या, एक खडा कनवटीला लावला आणि पुन्हा एकापासून सुरुवात केली. आडाच्या कठड्याला हात लागला तेव्हा खडा एक आणि वर तीन पावलं. तेवीस. मग परत दारापर्यंत. चुलीपर्यंतची, गोठ्यापर्यंतची वाट अशीच पाठ झाली आहे म्हणे. शेजारच्या मंजुळाबाईंनी सांगितलं, महिना झाला, मी शाळेत गेले की रोज चालतं. मी मुंबईला जायला मोकळी व्हावं म्हणून ही बाई अडुसष्टाव्या वर्षी मोजायला शिकते आहे. तुमच्या साहेबांना विचार, या आवडीला वीसपैकी किती गुण देतात?

मी दारामागे उभी राहून रडले. आवाज केला नाही. त्यांना ऐकू फार चांगलं येतं.

सोबत छबूचा कागद आहे. दुसऱ्या कागदावर मी तुमच्या साहेबांना सगळं सरळ लिहून सही केली आहे: मान हलवली हेही, ‘गैरहजर’ कुणी लिहिलं हेही. ते सव्वीस कागद मोजदादीतून काढून टाका. माझी नेमणूक गेली हे मला समजतं. बोर्डाला कळवायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. फळा सोडायची इतकी घाई होती मला, आणि आता तो फळा तरी राहतो की नाही अशी वेळ आणली. माझं मी भोगेन.

तुला एकच काम. ३१ तारखेच्या आत रुक्मिणीच्या जागी छबूचं नाव घाल. मैत्रीण म्हणून माझ्यासाठी करू नकोस, मैत्रिणीसारखी मी तुझ्याशी वागले नाही. साहेब म्हणतील, दोन गुणांच्या मुलीला जागा कशी देणार? त्यांना तिचं शेवटचं उत्तर दाखव आणि माझी ती वही दाखव, तीही पाठवते आहे. गुरुवारच्या रिकाम्या जागेसकट.

एक कोरा कागद उरला होता. काल दुपारी तो घेऊन बसले आणि ‘गणित’ जिथे जिथे आहे तिथे ‘चिंचवड’ वाचत गेले. चिंचवड मला आवडते: नाही. चिंचवडचा मला कंटाळा येतो: हो. शेवटापर्यंत खरं लिहिलं, मान कुणाकडे बघून वर केली नाही. चिंचवड नसते तर बरे झाले असते: हो. मग टाक तसाच धरून बसले, आणि छबूचे तीन शब्द मीही खाली लिहिले.

छबूला उद्या तासाआधी सांगणार आहे, तिचा कागद कुठे होता ते. ती काय म्हणेल याची मला तुझ्या साहेबांपेक्षा जास्त भीती वाटते.

सासूबाईंना मात्र अजून काही सांगितलेलं नाही. हे लिहिते आहे तेव्हा त्या परसात चालताहेत. आज खडा लावावा लागला नाही, एकवीस, बावीस, तेवीस त्या सरळ म्हणाल्या आणि तिथूनच मला हाक मारली, “कुसुम, ऐकलंस का? आता तू जा.”

खाट काढून टाक.

तुझी,
चिंचवडचीच
कुसुम